चार लाख व्होल्टच्या शेजारी १.७ व्होल्टचा पेच

कन्हान नदीच्या काठावरचं मौदा हे तसं तालुक्याचं साधं गाव. आजूबाजूला धानाच्या बांध्या, जवळून नागपूर-भंडारा हमरस्ता आणि मौदा-रामटेक रस्त्याला एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र. ५०० मेगावॉटचे दोन संच आणि ६६० मेगावॉटचे दोन, असे एकूण २,३२० मेगावॉट. केंद्रातून निघालेले मनोरे बांध्यांमध्ये पाय रोवत लांबवर जातात. पावसाळी संध्याकाळी त्या तारांखालून जाताना वरून चर्रर्र आवाज येतो आणि नवखा माणूस नकळत चार पावलं भरभर टाकतो. त्या तारांवर चार लाख व्होल्ट असतात.

आता याच गावातल्या एखाद्या घराच्या स्लॅबवर चढू. काळी टाकी आहे. तिच्या झाकणाला आतून एक स्वस्त सेन्सर बसवला आहे, एचसी-एसआर०४ नावाचा. पुढे दोन गोल जाळीदार डब्या आणि मागे चार पिना. एका डबीतून तो माणसाला ऐकू न येणारा, ४० हजार हर्ट्झचा आवाज खाली पाण्यावर सोडतो आणि दुसऱ्या डबीनं प्रतिध्वनी झेलतो. आवाजाला जाऊन-येऊन जितका वेळ लागला, तितका वेळ त्याची ‘इको’ नावाची पिन चालू राहते. दर सेंटिमीटरला साधारण ५८ मायक्रोसेकंद. टाकीतल्या ओलाव्यानं हा सेन्सर लवकर गंजतो, तरी स्वस्त म्हणून सगळे तोच लावतात. शेजारच्या डबीत ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर बसलेला. त्यानं ती वेळ मोजायची, पाणी वर आलं की बोअरची मोटर बंद करायची आणि मोबाइलवर तसं कळवायचं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पोरं हमखास करतात असा हा प्रोजेक्ट.

यात एकच गोम आहे. सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि ईएसपी३२ चालतो ३.३ व्होल्टवर. फरक १.७ व्होल्टचा, भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलपेक्षा थोडा जास्त. पण इकोची तार सरळ ईएसपी३२ च्या पिनेला जोडली तर ती पिन, कधी कधी अख्खी चिप, कामातून जाऊ शकते. चार लाख व्होल्ट रोज मुकाट्यानं हाताळणाऱ्या केंद्राच्या सावलीत पावणेदोन व्होल्टनं घात व्हावा, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. मला तरी पटली नव्हती.

व्होल्ट बदलणं मौद्याला काही नवीन नाही. ५०० मेगावॉटच्या जनित्रातून वीज सहसा २१ हजार व्होल्टला बाहेर पडते. तेवढ्यावरच ती पुढे न्यायची म्हटलं तर तिन्ही तारांतून सोळा हजार अँपिअरच्या घरात प्रवाह वाहील. ट्रान्सफॉर्मरनं ती चार लाखांवर चढवली की तेवढीच वीज साडेआठशे अँपिअरच्या आसपास वाहून नेता येते. तारेत फुकट जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते, म्हणजे प्रवाह १९ पट घटला की तोटा साडेतीनशे पटींहून जास्त घटतो. हा सगळा उद्योग त्यासाठी. पुढे महापारेषणच्या उपकेंद्रांत वीज २ लाख २० हजार, १ लाख ३२ हजार अशी उतरते, महावितरणकडे ३३ हजार, ११ हजार होते, आणि गावातल्या डीपीतून घरात २३० व्होल्ट येतात. मोबाइलचा चार्जर त्याचे ५ करतो. ईएसपी३२ च्या बोर्डावरचा तीन पायांचा रेग्युलेटर ५ चे ३.३ करतो, आणि खुद्द चिपच्या पोटात, जिथे खरी आकडेमोड चालते, तिथे जेमतेम १.१ व्होल्ट उरतात.

मग प्रश्न असा की चार लाखांपासून एकापर्यंत इतक्या पायऱ्या बिनबोभाट उतरणाऱ्या विजेला इकोच्या तारेवर ५ वरून ३.३ वर उतरवायला वेगळी युक्ती का लागावी? बोर्डावर रेग्युलेटर आहेच, त्यातूनच ती तार का काढू नये?

कारण त्या तारेतून शक्ती जात नाही, निरोप जातो. रेग्युलेटरचा धर्मच मुळी चढउतार पुसून सपाट व्होल्ट देण्याचा, आणि इकोच्या तारेवर चढउतार हाच निरोप. तो पुसला तर उरलं काय? ट्रान्सफॉर्मरची अडचण उलटी आहे. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवून दिलं की एका गुंडाळीतला प्रवाह बदलत असेल तरच शेजारच्या गुंडाळीत वीज उमटते. ग्रिडमधली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करत सतत बदलत असते, म्हणून ट्रान्सफॉर्मरचं भागतं. पण ‘टाकी भरली’ हा निरोप रात्रभर एकाच पातळीवर उभा राहू शकतो. उभ्या राहिलेल्या पातळीला ट्रान्सफॉर्मर आंधळा. यावर कुणी इलाज काढला नाही असंही नाही. कॉम्प्युटरच्या लॅन केबलच्या खोबणीमागे खरोखरीच इवले ट्रान्सफॉर्मर असतात. त्यासाठी इथरनेटमध्ये निरोपच अशा सांकेतिक रूपात घोळवून पाठवतात की तारेवरची पातळी फार वेळ एका जागी थांबतच नाही. टाकीवरच्या सेन्सरसाठी एवढा खटाटोप परवडणारा नाही.

तेव्हा निरोप म्हणजे काय, ते आधी पाहू. चिपला ५ किंवा ३.३ हे आकडे कळत नाहीत. तिला दोनच गोष्टी कळतात, शून्य आणि एक, आणि त्यांच्यामध्ये तिनं दोन उंबरठे आखून घेतलेले असतात. अर्डुइनो उनो या बोर्डावरची एटीमेगा३२८पी ही चिप ५ व्होल्टवर चालत असेल तर १.५ च्या खाली आलेलं सगळं ती शून्य धरते आणि ३.० च्या वर आलेलं सगळं एक. मधल्या दीड व्होल्टच्या पट्ट्यात ती काय समजेल याची हमी बनवणारा देत नाही. ईएसपी३२ चे उंबरठे वेगळे आहेत. तिच्याकडे ०.८ व्होल्टच्या आसपासपर्यंत शून्य आणि अडीचच्या आसपासपासून एक. म्हणजे दोन चिपांचं बोलणं जुळायचं तर एकीचा ‘एक’ दुसरीच्या वरच्या उंबरठ्याच्या पलीकडे पडायला हवा आणि तिच्या सहनशक्तीच्या अलीकडे थांबायला हवा. व्होल्टचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो कुठल्या उंबरठ्याशी ताडून पाहिला, कुठून मोजला आणि किती जाडीवर पडला, हे कळलं की मग त्याला अर्थ येतो.

हे वेगवेगळे उंबरठे आले कुठून? ५ व्होल्टची गादी जुनी आहे. जेम्स ब्यूई यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत टीआरडब्ल्यू कंपनीत ट्रान्झिस्टर-ट्रान्झिस्टर लॉजिक, म्हणजे टीटीएल, शोधून काढलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९६० च्या दशकात त्याच्या चिपांचं ७४०० हे कुळ बाजारात आणलं आणि ते इतकं खपलं की ५ व्होल्ट ही जगाची सवय होऊन बसली. त्या कुळाचे उंबरठे होते ०.८ आणि २.० व्होल्ट. हे दोन आकडे लक्षात असू द्या, पुढे कामाला येतील. पुढची तीसेक वर्षं जो तो नवा भाग बनवी तो ५ व्होल्टचाच, कारण शेजारी बसणारे सगळे ५ चेच. अर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावी जन्माला आला तोही ५ व्होल्टचा.

तोवर चिपा बारीक होत चालल्या होत्या. चिप दर खेपेला शून्याची एक झाली की तिच्यातल्या सूक्ष्म धारितांमध्ये ऊर्जा भरावी लागते, आणि ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५ चे ३.३ केले की २५ च्या जागी साधारण ११, म्हणजे निम्म्याहून जास्त बचत. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचं नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं गेलं, त्या पेंटियम प्रोसेसरमध्ये ही उडी अगदी डोळ्यांदेखत झाली. १९९३ चे पहिले ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचे पेंटियम ५ व्होल्टचे होते आणि चांगलेच तापायचे. १९९४ ची पुढची पिढी ३.३ व्होल्टवर आली, वेगानं जास्त आणि उष्णतेला कमी.

पण खरं थक्क करणारं कारण उष्णतेचं नाही, जाडीचं आहे. ट्रान्झिस्टरमध्ये त्याला उघडणारा-मिटवणारा गेट आणि सिलिकॉन यांच्यामध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा पापुद्रा असतो. वीज पलीकडे जाऊ नये म्हणून घातलेला. ३.३ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरमध्ये तो साधारण ७ नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे मोजून काही डझन अणू. आता त्रैराशिक मांडा. ७ नॅनोमीटरवर ३.३ व्होल्ट म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे ४७ लाख व्होल्ट. मौद्याच्या तारांभोवतीची हवा सेंटिमीटरला साधारण ३० हजार व्होल्ट झाले की फुटते. तारा जोडीनं किंवा चौकडीनं बांधतात त्या याचसाठी, की तारेच्या पृष्ठभागावरचा ताण त्या आकड्याच्या आत राहावा. पावसाचे थेंब तारेला लोंबले की त्यांच्या टोकाशी ताण तेवढ्यापुरता हद्द ओलांडतो आणि तोच तो चर्रर्र आवाज. म्हणजे चार लाख व्होल्टच्या तारेपाशी जो ताण हवेला सोसत नाही, त्याच्या दीडशे पट ताण स्लॅबवरच्या डबीतली चिप आयुष्यभर पोटात बाळगून असते. सिलिकॉन डायऑक्साइड सेंटिमीटरला साधारण एक कोटी व्होल्टला फुटतो. तिथे ५ व्होल्ट लावले की ताण ७१ लाखांवर जातो. लगेच भोक पडेलच असं नाही, पण शिल्लक फार थोडी उरते आणि पापुद्रा रोज थोडा थोडा झिजत जातो.

शिवाय पिनेच्या आत रखवालदार डायोडही असतात. व्होल्ट हद्दीबाहेर गेले की ते जादा प्रवाह ३.३ च्या रेषेत वळवतात. ते बसवलेत हाताच्या बोटातून उडणाऱ्या क्षणभराच्या ठिणगीसाठी. इकोची तार त्यांना रोज तासन्‌तास राबवू लागली तर किती दिवस टिकतील? पण ते टिकतात तोवर सर्किट झकास चालतं, आणि ‘चालतंय ना, मग कशाला?’ हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद तिथेच जन्म घेतो. ‘आज चाललं’ आणि ‘चालेलच’ यांत फरक आहे, आणि चिप बनवणाऱ्याच्या डेटाशीटमधले सगळे आकडे त्या दुसऱ्या शब्दासाठी छापलेले असतात.

टाकीपुरता उपाय अगदी स्वस्त आहे. नागपूरच्या बर्डीवर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मूठभर सुट्या पैशांत मिळणारे दोन रेझिस्टर. इकोकडून येणाऱ्या तारेत १.२ किलोओहमचा, पट्टे तपकिरी-लाल-लाल. तिथून ग्राउंडला, म्हणजे शून्याच्या तारेला, २.२ किलोओहमचा, पट्टे तिन्ही लाल. दोघांच्या सांध्यावरून ईएसपी३२ ची तार काढायची. ५ व्होल्ट दोघांत त्यांच्या वजनानुसार वाटले जातात आणि सांध्यावर येतात ३.२४. पुस्तकांत १ आणि २ किलोओहमची जोडी दाखवतात, पण २ चा रेझिस्टर साध्या दुकानात बऱ्याचदा नसतो, २.२ चा असतोच. ही युक्ती फक्त खाली उतरवते आणि फक्त एकाच दिशेनं. टाकीला तेवढंच हवं असतं.

वर चढवायचं असेल तर गंमत वाढते. ईएसपी३२ चे ३.३ व्होल्ट अर्डुइनो उनोच्या पिनेला थेट जोडले तर चालतं. उनोचा उंबरठा ३.० चा, म्हणजे ०.३ व्होल्टनं का होईना पार पडतो. पण गणपतीच्या मखराला लावतात त्या डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या रंग बदलणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या घ्या. त्यांचा उंबरठा पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ५ व्होल्टला ३.५. ईएसपी३२ देते ३.३. दोन दशांश व्होल्टनं गाडी अडते. वैताग असा की ती दर वेळी अडत नाही. छापलेला आकडा ही हमीची मर्यादा असते आणि बऱ्याच पट्ट्या त्याखालीही ऐकून घेतात, म्हणून टेबलावर सगळं नीट चालतं आणि आरती सुरू झाली की हिरव्याच्या जागी जांभळा लुकलुकू लागतो.

यावर छंदी लोकांनी शोधलेला एक तोडगा मला फार आवडतो. पट्टीतला पहिला एलईडी कापून वेगळा करायचा आणि त्याच्या पुरवठ्याच्या तारेत एक साधा सिलिकॉन डायोड घालायचा. डायोड ०.७ व्होल्ट स्वतःकडे ठेवून घेतो, त्या एलईडीला मिळतात ४.३, आणि त्याचा उंबरठा उतरून ३.०१ वर येतो. आता ३.३ त्याला सहज कळतात. तो पुढच्याला निरोप देतो तो स्वतःच्या ४.३ व्होल्टनं, आणि पुढच्याचा उंबरठा ३.५. दोन्ही टप्पे पार! व्होल्ट वाढवण्याऐवजी मधल्या एकाचा उंबरठाच खाली आणला. रीतसर मार्ग हवा असेल तर ७४एएचसीटी१२५ ही चिप आहे. तिच्या नावातला ‘टी’ म्हणजे टीटीएल. चालते ५ व्होल्टवर, पण उंबरठे ठेवते १९६० च्या दशकातल्या त्या कुळाचे, ०.८ आणि २.०. जुन्या पिढीची ही सवय नव्या ३.३ च्या अशी पथ्यावर पडली. ३.३ आत, ५ बाहेर, आणि वेगाला तोड नाही.

आता सगळ्यात सुंदर प्रकरण. वरचे सगळे उपाय एकमार्गी आहेत, पण काही तारांवर दोन्ही बाजूंनी बोलणं होतं. फिलिप्सनं १९८२ मध्ये काढलेली आय-स्क्वेअर-सी ही दोन तारांची पद्धत तशी आहे. घड्याळाची चिप, तापमानाचा सेन्सर, छोटा डिस्प्ले, सगळे त्याच दोन तारांवर आणि त्याच तारेवर कधी हा बोलतो, कधी तो. इथे कुणीच तार वर ओढत नाही. तार वर ठेवायचं काम एका रेझिस्टरकडे असतं, तो तिला हळूच पुरवठ्याकडे धरून ठेवतो. बोलायचं त्यानं तार खाली, शून्यावर खेचायची आणि सोडून द्यायची. दवाखान्यातल्या स्प्रिंगच्या दारासारखं. आतला ढकलो की बाहेरचा, दार उघडतं, आणि सोडलं की आपोआप मिटतं.

अशा तारेची एक बाजू ३.३ ची आणि दुसरी ५ ची असेल तर? दिशा कोणती हे आधी ठाऊक नसताना पातळी बदलायची कशी? फिलिप्सच्या आइंडहोवन इथल्या प्रयोगशाळेतल्या हर्मन शुटे यांनी १९९७ मध्ये एका टिपणात याचं उत्तर दिलं. दर तारेला एक एन-चॅनल मॉसफेट, म्हणजे गेटवरच्या व्होल्टनं उघडमीट होणारा ट्रान्झिस्टर, आणि दोन रेझिस्टर. बस्स.

बाजारात या सर्किटची नखाएवढी पट्टी तयार मिळते. भिंगाखाली धरली तर दर वाटेला तीन पायांचा एक काळा ठिपका दिसतो, तीन मिलिमीटरचाही नाही. तो बहुधा बीएसएस१३८ जातीचा मॉसफेट. त्याच्या आजूबाजूला ‘१०३’ लिहिलेले दोन रेझिस्टर. १० वर तीन शून्यं, म्हणजे १० हजार ओहम. कडेला अक्षरं: एलव्ही, एचव्ही, जीएनडी. मॉसफेटचा गेट कायमचा ३.३ च्या पुरवठ्याला बांधलेला. सोर्स ३.३ च्या तारेला, ड्रेन ५ च्या तारेला. मॉसफेट उघडतो तो गेट सोर्सपेक्षा पुरेसा वर असेल तेव्हाच. बीएसएस१३८ ला साधारण ०.८ ते १.५ व्होल्टचा फरक लागतो.

कुणीच बोलत नाही तेव्हा सोर्स ३.३ वर आणि गेटही ३.३ वर. फरक शून्य. मॉसफेट बंद. दोन्ही तारा आपापल्या रेझिस्टरनं आपापल्या पातळीवर, एक ३.३ वर आणि दुसरी ५ वर. एकमेकींचा पत्ताही नाही.

३.३ कडचा बोलला. त्यानं सोर्स शून्यावर खेचला. आता गेट ३.३ नं वर. मॉसफेट उघडला आणि ५ ची तारही त्याच्यातून शून्यावर आली. इथवर सोपं आहे.

५ कडचा बोलला तर? त्यानं ड्रेन खाली खेचला. गेट आणि सोर्स अजून दोन्ही ३.३ वरच, म्हणजे मॉसफेट उघडायचं कारण नाही. सर्किट इथे फसायला हवं. पण प्रत्येक मॉसफेटच्या अंगात बनवतानाच एक डायोड राहून जातो, सोर्सकडून ड्रेनकडे तोंड केलेला. इतर सर्किटांत तो बहुधा अडचण म्हणून सांभाळून घ्यावा लागतो. ड्रेन खाली गेला की हाच डायोड सुरू होतो आणि सोर्सला खाली ओढू लागतो. सोर्स ०.७ व्होल्टपर्यंत येतो. पण तोवर गेट आणि सोर्समधला फरक २.६ झालेला असतो! मॉसफेट उघडतो, डायोडची गरज संपते आणि सोर्स थेट शून्याला भिडतो. ५ कडच्यानं सोडलं की रेझिस्टर दोन्ही तारा वर नेतात, मॉसफेट मिटतो, आणि दोन्ही बाजू पुन्हा आपापल्या घरी. दिशा सांगणारी तिसरी तार लागली नाही, प्रोग्रॅमची ओळ लागली नाही. ज्या डायोडला लोक खोड समजतात, त्याच्यावर सगळा डोलारा तोलून धरलाय. पहिल्यांदा हे उमगलं तेव्हा कागदावर तिन्ही अवस्था पुन्हा पुन्हा काढून पाहिल्या, कुठे काही चुकतंय का म्हणून.

याला मर्यादा आहे ती स्प्रिंगचीच. तार खाली खेचली जाते झटक्यात, वर जाते मात्र १० हजार ओहमच्या रेझिस्टरच्या गतीनं. तारेची आणि पिनांची मिळून ५० पिकोफॅरड धारिता धरली तरी वर चढायला एक मायक्रोसेकंद सहज लागतो. आय-स्क्वेअर-सीच्या साध्या, सेकंदाला एक लाख ठोक्यांच्या वेगाला ते चालून जातं. मखरातल्या एलईडीच्या पट्टीला एक अख्खा बिट १.२५ मायक्रोसेकंदांत उरकायचा असतो. तिथे ही मॉसफेटची पट्टी लावून रात्र घालवणारे पुष्कळ भेटतात. आणि खालची बाजू १.८ व्होल्टची असेल तर बीएसएस१३८ अगदी काठावर येतो. त्याला उघडायला दीड व्होल्टपर्यंत लागू शकतात आणि हाती असतात फक्त १.८. नव्या सेन्सरांत १.८ सर्रास दिसू लागलंय. एएचसीटीचा २.० चा जुना उंबरठाही तिथे हात टेकतो.

एक तार राहिली. दोन बोर्डांना दोन वेगळे चार्जर लावले आणि निरोपाच्या सगळ्या तारा जोडल्या, तरी दोघांचं ग्राउंड एकमेकांना जोडलं नसेल तर सगळं व्यर्थ. ५ व्होल्ट म्हणजे कुणापासून ५? दोघांचं शून्य एक नसेल तर एकाचे ५ दुसऱ्याला काहीही वाटू शकतात. चार लाखांच्या तारेवर पक्षी निवांत बसतो तो याच न्यायानं. त्याच्या दोन पायांत फरकच पडत नाही.

आणि दोघांचं शून्य जोडणंच धोक्याचं असेल तर? वीज केंद्रात हा रोजचा प्रश्न. शेकडो मीटर लांब तारा, शेजारी मोठाल्या मोटारी, प्रत्येक कोपऱ्यातलं शून्य थोडं वेगळं. म्हणून उद्योगांत दाब किंवा तापमान कळवायला व्होल्टऐवजी ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह वापरायची रीत आहे. तार कितीही लांब असो, एका टोकाला शिरलेला प्रवाह दुसऱ्या टोकाला तेवढाच निघतो. शून्यासाठी ४ धरले ते मुद्दाम. प्रवाह खरोखर शून्य झाला तर समजायचं की तार तुटली. दुसरा मार्ग ऑप्टोकपलरचा. चार पायांच्या काळ्या डबीत इकडे एक एलईडी आणि तिकडे प्रकाशानं उघडणारा ट्रान्झिस्टर, मध्ये विजेची एकही वाट नाही. पीसी८१७ ही त्यातली स्वस्त जात ५ हजार व्होल्टचा फरक पेलते. मोटर चालू-बंद करणाऱ्या रिले बोर्डांवर ती नेहमी दिसते.

हीच युक्ती टोकाला नेलेली पाहायची तर मौद्याहून फार लांब जावं लागत नाही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एकदिश प्रवाहाची वाहिनी आहे, उणे-अधिक ५ लाख व्होल्टची, १,५०० मेगावॉट क्षमतेची, १९९९ पासून चालू. चंद्रपूरला ग्रिडची उलटसुलट वीज एकदिश करतात ते थायरिस्टर नावाचे, हुकमानं उघडणारे स्विच. एकाला एवढे व्होल्ट पेलत नाहीत, म्हणून ते ओळीनं जोडून त्यांचे मजले रचतात. वरचे थायरिस्टर जमिनीपासून लाखो व्होल्टवर तरंगत असतात, आणि त्यांना कधी उघडायचं ते ठरवतो जमिनीवरचा, काही व्होल्टांवर चालणारा कॉम्प्युटर. ५ आणि ३.३ चा पेच इथे ५ लाख आणि ५ चा होतो. तांब्याची तार वर नेणं अशक्य, म्हणून काचेचा तंतू नेतात. कॉम्प्युटर प्रकाशाचा ठोका वर पाठवतो आणि थायरिस्टरपाशी बसलेलं छोटं सर्किट तो वाचून गेटला विजेचा धक्का देतं. त्या सर्किटला वर वीज कुठून मिळते? ज्या थायरिस्टरला उघडायचंय, त्याच्या दोन टोकांमधल्या व्होल्टमधूनच ते आपला घास काढून घेतं. आणि व्होल्ट पुरेसे जमले की दुसऱ्या तंतूतून खाली उजेड पाठवून कळवतं की मी तयार आहे, आता हुकूम द्या.